टर्मिनलवरून फाइलींचे गठ्ठे बांधणे आणि सोडणे: मराठी मजकूर व स्कॅन केलेली पाने

ग्रंथसेविका_परळ (प्रश्न)

नमस्कार.

परळमधल्या एका लहान सार्वजनिक ग्रंथालयात मी शनिवारी व रविवारी स्वयंसेवक म्हणून काम करते. ग्रंथालय तळमजल्यावर आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली तेव्हा, आमच्या खालच्या दोन फळ्यांवरचे जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड पाण्यात गेले. जे वाचले त्यांची पाने आम्ही आता स्कॅन करीत आहोत आणि ओसीआरमधून (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या साधनातून) निघालेला मजकूर दोघीतिघी मिळून मूळ पानाशी ताडून दुरुस्त करीत आहोत. हे सर्व काम एका जुन्या लिनक्स संगणकावर चालते, ज्याची मेमरी चार जीबी आहे. दर रविवारी मी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठाण्याला घरी जाते, म्हणजे इथे पुन्हा पाणी शिरले तरी दुसरीकडे एक प्रत शाबूत राहील.

आजवर मी खिडकीतून उजवे बटण दाबून झिप करीत असे. परंतु फाइली हजारांच्या घरात गेल्यापासून ते अर्ध्यावर अडकते, म्हणून टर्मिनलकडे, म्हणजे कमांड टंकून काम करण्याच्या खिडकीकडे, वळले. गेल्या रविवारी मजकुराच्या फोल्डरमध्ये जाऊन मी टार -सीएफ (टार ही गठ्ठा बांधणारी कमांड) असे टंकले, पुढे सर्व फाइलींसाठी ताऱ्याचे चिन्ह (*) दिले आणि एंटर दाबले. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, पण नवी फाइलही कुठे दिसेना. नंतर ‘अंक-०१’ ही फाइल उघडली, तर तिच्यात पहिल्या अंकाची एकही ओळ नव्हती. सुरुवातीला ‘अंक-०२’ हे नाव, मग काही विचित्र चौकोन, मग दुसऱ्या अंकाचे संपादकीय, आणि तसाच एकामागून एक सर्व अंकांचा मजकूर सलग लागलेला होता. पहिल्या अंकाची दुरुस्ती हे तीन आठवड्यांचे काम होते.

माझे प्रश्न असे आहेत. हे नेमके कशामुळे झाले आणि पहिला अंक परत मिळण्याची काही शक्यता आहे का? टार, जीझिप, झिप आणि एक्सझेड यांपैकी आमच्या कामाला काय योग्य ठरेल? आणि नंतर मी पानांच्या फोल्डरची जी टार-जीझेड (टार करून जीझिपने दाबलेली) फाइल केली, तिचा आकार मूळ फोल्डरपेक्षा जेमतेम कमी भरला आणि चार जीबीच्या वर गेल्याने पेन ड्राइव्हने ती घेतलीच नाही, ते का?

काळी_खिडकी

ताई, सर्वप्रथम त्या संगणकावर नवे काही लिहिणे थांबवा आणि मजकुराच्या फोल्डरमध्ये ‘अंक-०१’ या नावापुढे ~ असे चिन्ह असलेली फाइल आहे का ते पाहा. मजकूर दुरुस्त करण्याचे कित्येक एडिटर जुनी प्रत अशा नावाने बाजूला ठेवतात, आणि काही ती लपवलेल्या फाइलीत ठेवतात. म्हणून एलएस या कमांडला -ए जोडून यादी काढावी. आपल्या सहकाऱ्यांपैकी कोणाला ती फाइल ईमेलने पाठवली होती का, हेही तपासावे. टारने त्या फाइलीवरच लिहिले असल्याने तिच्यातून मूळ मजकूर निघण्याची आशा मी धरणार नाही.

झाले ते असे. ताऱ्याचे चिन्ह टारला दिसतच नाही. शेल, म्हणजे टंकलेली कमांड वाचणारा प्रोग्रॅम, ते आधीच उलगडते आणि त्या जागी फोल्डरमधल्या सर्व फाइलींची नावे क्रमाने ठेवते. -सीएफ मधल्या ‘सी’चा अर्थ नवा गठ्ठा बांधा आणि ‘एफ’चा अर्थ लगेच पुढे येणारे नाव हे गठ्ठ्याचे नाव समजा. आपण गठ्ठ्याचे नाव दिलेच नव्हते, त्यामुळे यादीतले पहिले नाव, म्हणजे ‘अंक-०१’, हेच गठ्ठ्याचे नाव ठरले आणि उरलेले सर्व अंक त्याच्यात बांधले गेले. टार अशा वेळी काहीही विचारत नाही. दुसऱ्या अंकापासून पुढच्या मूळ फाइलींना मात्र काही झालेले नाही. यापुढे फोल्डरच्या आत न जाता एक पायरी वर थांबावे आणि टार -सीएफ, मग गठ्ठ्याचे नाव, मग फोल्डरचे नाव, अशा क्रमाने लिहावे. असे केले की ताऱ्याची गरज राहत नाही, आणि गठ्ठा सोडताना सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये उतरतात, चहूकडे विखुरत नाहीत. ‘एफ’ हे अक्षर नेहमी शेवटी ठेवावे. कोणी घाईत -सीएफझेड लिहिले तर टार ‘झेड’ नावाचा गठ्ठा बांधायला घेते. (मी इथे सर्व अक्षरे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना ती रोमन लघू अक्षरे समजावीत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगेन.)

आता टार आणि बाकीचे यांतला फरक. टार फक्त गठ्ठा बांधते, दाबत नाही, म्हणजे आकार कमी करत नाही. ते १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आले आणि त्याचे नावच चुंबकीय टेपवरून पडले आहे. टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचावी लागते, आणि टारची रचना आजही तशीच आहे: प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटचा मथळा, त्यात नाव, आकार, तारीख, मग फाइल, मग पुढच्या ५१२ च्या पटीपर्यंत शून्यांचे भरण. लहान लहान फाइली खूप असल्या की नुसती टार फाइल त्यांच्या बेरजेपेक्षा मोठी होते, याचे कारण हेच. ही शून्ये दाबताना जवळपास नाहीशी होतात, त्यामुळे त्यांची चिंता नको. याउलट जीझिप फक्त एका फाइलीला दाबते. फोल्डर बांधणे तिला येत नाही, आणि काम झाल्यावर मूळ फाइल ती काढून टाकते. मूळ ठेवायची असेल तर -के द्यावे लागते. म्हणून या दोघांची जोडी असते. झिप दोन्ही कामे करते, पण प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबते आणि सर्वांची सूची फाइलीच्या अखेरीस ठेवते. झिपमधून हवी ती एकच फाइल चटकन निघते, ती या सूचीमुळे; आणि अर्धवट उतरवलेली झिप उघडत नाही, तेही सूची शेवटी असल्यामुळेच.

आपल्या मजकुरासाठी मी टार आणि दाबण्यासाठी एक्सझेड सुचवीन, आणि त्याचे कारण मराठीच्या लिपीत आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मुंबई’ हा शब्द घ्या: म, उकार, अनुस्वार, ब, ई, अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. या पाचही चिन्हांचा पहिला बाइट २२४ आहे. दुसरा बाइट चार वेळा १६४ आणि उकारापाशी एकदा १६५ आहे. फक्त तिसरा बाइट वेगवेगळा असतो: १७४, १२९, १३०, १७२, १३६. संपूर्ण देवनागरी मजकूर असाच चालतो. तीनपैकी पहिला बाइट कधी बदलत नाही आणि दुसरा दोनच रूपे घेतो. म्हणून मराठी मजकूर दाबल्यावर इतका कमी होतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी गळाले असे वाटावे. गळत काहीच नाही. बाइटन्बाइट परत मिळतो.

जीझिप ज्या पद्धतीवर उभी आहे तिचा पाया अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडला: एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता, इतके मागे जा आणि इतके उचला, एवढेच लिहायचे. त्यावर हफमन यांची १९५२ ची संकेतपद्धती चढवली जाते, जिच्यात वारंवार येणाऱ्या चिन्हाला लहान संकेत मिळतो. पण जीझिपची मागे पाहण्याची मर्यादा ३२ किलोबाइट आहे. तीन बाइटांच्या हिशेबाने ती जेमतेम अकरा हजार देवनागरी चिन्हे होतात, म्हणजे छापील पुस्तकाची पाचसहा पाने. एक्सझेड नेहमीच्या सहाव्या पातळीवर आठ मेगाबाइट मागे पाहते, त्यामुळे एकाच लेखकाचे तेच ते शब्दप्रयोग, जाहिरातींतली तीच ती वाक्ये, अनुक्रमणिकेतली तीच नावे तिला संपूर्ण अंकभर, नव्हे अनेक अंकांमध्ये सापडतात. नववी पातळी आपल्या संगणकावर वापरू नये. ती दाबताना सुमारे ६७४ मेगाबाइट मेमरी घेते, तर सहावी ९४ मेगाबाइटमध्ये भागवते. टारला -सी, मोठे जे आणि एफ ही अक्षरे दिली की बांधणे आणि एक्सझेडने दाबणे एकदम होते. लहान जे दिल्यास बीझिप२ ही दाबण्याची वेगळी कमांड चालते, हे लक्षात असू द्यावे. वेळेची टंचाई असेल तर २०१६ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली झेडस्टँडर्ड वापरावी. ती कमालीची वेगवान आहे, पण आठवड्यातून एकदाच्या कामाला तिची आवश्यकता मला दिसत नाही.

पानांचे मात्र वेगळे आहे. जेपेग फाइल तयार होतानाच दाबली गेलेली असते. तिच्यातली पुनरावृत्ती आधीच काढून घेतली आहे, तेव्हा जीझिपला घेण्यासारखे काही उरत नाही. तिथे नुसते टार करावे, वेळ वाचेल. टिफ फाइली कशा आहेत ते टिफइन्फो या कमांडने पाहावे: आतून न दाबलेल्या असतील तर काही फायदा होईल, परंतु राखाडी छटांच्या स्कॅनमध्ये कागदाचा पोत आणि स्कॅनरचे बारीक ठिपके असतात, जे कुठेही पुन्हा तसेच्या तसे येत नाहीत, म्हणून मजकुरासारखी घट अपेक्षू नये.

पेन ड्राइव्हचा दोष नाही. तो एफएटी-३२ या पद्धतीने बांधलेला असावा, जिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढीच मोठी असू शकते. एकतर तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करावा, किंवा स्प्लिट कमांडने गठ्ठ्याचे तुकडे करावेत आणि घरी कॅट कमांडने क्रमाने जोडावेत. स्प्लिट तुकड्यांच्या नावांना ‘एए’, ‘एबी’ अशी शेपटे लावते, त्यामुळे ताऱ्याच्या चिन्हाने ते आपोआप योग्य क्रमात येतात. इथे तारा उपयोगी पडतो.

सर्व्हरखोली_अंधेरी

वरील उत्तर परिपूर्ण आहे. एका गोष्टीवर मला अधिक जोर द्यावासा वाटतो, कारण तिची किंमत मी मोजलेली आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या हिशेबाच्या नोंदी मी टार-जीझेड करून बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या आणि मूळ फोल्डर पुसून टाकले. वर्षभराने गठ्ठा सोडायला घेतला तेव्हा तो मध्येच थांबला आणि फाइल अनपेक्षितपणे संपल्याची सूचना आली. प्रत होत असताना केबल हलली होती. थांबला तिथपर्यंतच्या नोंदी हाती आल्या, पुढच्या सर्व गेल्या. संबंध गठ्ठा एकच प्रवाह म्हणून दाबला जात असल्याने जीझिपमध्ये मधला भाग बिघडला की त्यापुढचे सहसा वाचत नाही. बीझिप२ जास्तीत जास्त ९०० किलोबाइटचे स्वतंत्र ठोकळे करते आणि सोबत मिळणारी बीझिप२रिकव्हर कमांड धड ठोकळे वेगळे काढते. पण अशा वेळेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

गठ्ठा बांधल्यावर त्याच जागी एसएचए२५६सम कमांड चालवून निघणारी चौसष्ट अक्षरांची ओळ, म्हणजे गठ्ठ्यातल्या बाइटांवरून काढलेला त्याचा ठसा, एका फाइलीत लिहून ठेवावी. पेन ड्राइव्हवर प्रत गेली की ड्राइव्ह सुरक्षितपणे काढावा, पुन्हा लावावा आणि मग तीच कमांड -सी जोडून चालवावी. न काढता तपासल्यास संगणक कधी कधी मेमरीत उरलेली प्रतच वाचतो आणि ड्राइव्हवर काय पोहोचले ते कळतच नाही. घरी पोहोचल्यावर टार -टीएफ ने आतली यादी पाहावी, आणि महिन्यातून एकदा तरी टार -एक्सएफ, त्यापुढे -मोठे सी आणि एखाद्या रिकाम्या फोल्डरचे नाव देऊन सर्व काही खरोखर सोडून पाहावे. सोडताना कोणत्या पद्धतीने दाबले आहे ते सांगावे लागत नाही. लिनक्सवरची टार ते स्वतः ओळखते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून टार आलेली आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला देण्यासाठीच झिप केले पाहिजे असेही आता उरलेले नाही.

ग्रंथसेविका_परळ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘अंक-०१~’ ही फाइल मिळाली. ती दोन आठवड्यांपूर्वीची निघाली, म्हणून शेवटची अकरा पाने पुन्हा ताडावी लागतील. ती आम्ही दोघींनी वाटून घेतली आहेत. मजकुराचे फोल्डर एक्सझेडने मूळच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत आले. पाने नुसती टार केली, पेन ड्राइव्ह एक्सफॅट केला, आणि ड्राइव्ह काढून, पुन्हा लावून ओळ जुळवली, ती जुळली.

मात्र घरी एक नवीनच अडचण उभी राहिली. गठ्ठा मी बहिणीच्या जुन्या मॅकवर सोडला, तिने काही लेख तपासले आणि टार करून परत दिले. ते इथल्या फोल्डरमध्ये सोडल्यावर ‘कऱ्हाडचे पत्र’ या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसत आहेत. ‘दऱ्याखोऱ्यांतून’ या लेखाचेही तसेच. नावे डोळ्यांना अगदी सारखी आहेत, तरी नवीने जुनीची जागा घेतली नाही. बाकीच्या शेकडो फाइलींचे असे काही झालेले नाही. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली कशा राहू शकतात?

जोडाक्षर

नावे एक नाहीत. फरक ऱ मध्ये आहे, आणि म्हणूनच तो फक्त कऱ्हाड आणि दऱ्याखोरे यांच्यापाशी दिसला.

युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण क्रमावलीत) ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, तो स्वतःच एक चिन्ह आहे. त्याचे तीन बाइट २२४, १६४, १७७. दुसरा, साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे; त्यांचे सहा बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात आणि युनिकोडच्या नियमाने ते समानच मानायचे असतात. पण लिनक्सची फाइलव्यवस्था साधारणपणे नावाकडे अक्षरे म्हणून पाहत नाही, नुसते बाइट म्हणून पाहते, आणि बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. जुन्या मॅकवरची एचएफएस-प्लस ही फाइलव्यवस्था प्रत्येक नाव सुटे करून साठवते, म्हणजे तिच्याकडे गेलेला एकसंध ऱ हा र आणि नुक्ता होऊन परत येतो. टारने जे मिळाले ते निष्ठेने मथळ्यात लिहिले. क, म, त या अक्षरांना सुटे करण्यासारखे काही नसल्याने बाकीची नावे जशीच्या तशी परतली.

खात्री करण्यासाठी त्या फोल्डरमध्ये एलएसची यादी उभ्या रेघेतून ओडी या कमांडकडे वळवावी आणि बाइट पाहावेत. सुधारण्यासाठी कॉन्व्हएमव्ही नावाचे साधन आहे. त्याला दोन्हीकडे यूटीएफ-८ सांगून एनएफसी हा पर्याय दिला की सुटी चिन्हे पुन्हा एकसंध होतात. ते आधी फक्त काय करणार आहे ते दाखवते. नोटेस्ट हा पर्याय दिल्यावरच खरी नावे बदलते, तेव्हा यादी वाचून मगच तो द्यावा. आपल्याकडे आता जुनी आणि नवी अशी जोडी आहे, त्यामुळे आधी दोन्हींतला मजकूर डिफ कमांडने ताडून जुनी फाइल बाजूला करावी. यापुढे मॅकवरून आलेला गठ्ठा थेट कामाच्या फोल्डरमध्ये सोडू नये. रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावा, नावे एनएफसी करावीत, मग आत घ्यावा.

मराठीत याहून अवघड असा एक तिसरा प्रकारही आहे. काही कळफलकांवर कऱ्हाडमधला अर्धा ऱ उमटवण्यासाठी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टंकले जाते. दिसायला तेही तसेच दिसते, पण युनिकोडच्या दृष्टीने ते समान नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हात लावत नाही. आपण दोघीतिघी वेगवेगळे कळफलक वापरत असाल तर अशी नावे असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती हातानेच बदलावी लागतील. फाइलींच्या आतल्या मजकुरातही हेच झालेले असणार, आणि मग शोधताना ‘कऱ्हाड’ काही अंकांत सापडेल व काहींत नाही. आपण मजकूर दुरुस्तच करीत आहात, तर एकदा सर्वांनी मिळून ऱ कसा टंकायचा ते ठरवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

लेखांची पूर्ण शीर्षके फाइलीला देत असाल तर आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मुभा असते. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते, आणि काने, मात्रा, वेलांट्या हीही चिन्हेच धरली जातात.

ग्रंथसेविका_परळ

तपासले. ओडीमध्ये एका नावात १७७ आणि दुसऱ्यात १७६ व पुढे १८८ स्पष्ट दिसले. कॉन्व्हएमव्हीने चार नावे दुरुस्त झाली. अदृश्य जोडचिन्हाची सात नावे निघाली आणि सातही माझ्याच कळफलकावरची होती. ती हाताने बदलली. सर्वांनी एकसंध ऱ वापरायचा असे आज ठरवले असून तो कसा टंकायचा ते कागदावर लिहून संगणकाच्या वर चिकटवले आहे. जुन्या मजकुरातल्या अशा जागा शोधण्याचे काम पुढच्या शनिवारी हाती घेऊ.